तांब्याची जागा जिवाणूंनी घेतली

एरंडाच्या झाडात रिसिनीन नावाचं विषारी द्रव्य असतं. त्याच्या रेणूत नायट्राइल गट असतो, म्हणजे तिहेरी बंधाने जखडलेले कार्बन आणि नायट्रोजन. रॉबिन्सन आणि हुक यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं, की मातीतल्या एका स्यूडोमोनास जिवाणूकडे हा बंध पाण्याच्या साहाय्याने तोडणारं विकर आहे. नायट्रिलेज नावाचं हे विकर नायट्राइलचं थेट आम्ल करतं आणि अमोनिया मोकळा होतो.

दुसरी वाट सापडली जपानमध्ये. क्योतो विद्यापीठात हिदेआकी यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये नायट्राइल हायड्रेटेज या विकराचं वर्णन केलं. ते पाण्याचा एकच रेणू जोडून अमाइड बनवतं. पुढे त्याचं आम्ल करायचं काम अमायडेज या वेगळ्या विकराचं.

कारखानदारांना नेमकं अमाइडच हवं होतं. पाणी शुद्ध करण्यासाठी आणि कागद बनवताना जे पॉलिअॅक्रिलामाइड वापरतात, त्याचा कच्चा माल म्हणजे अॅक्रिलामाइड. ते अॅक्रिलोनायट्राइलपासून करायला पूर्वी गंधकाम्ल लागे. नंतर तांब्याचा उत्प्रेरक आला, पण त्यासाठी भरपूर उष्णता हवी, शिवाय मालात उतरलेलं तांबं आणि शिल्लक राहिलेलं नायट्राइल वेगळं काढण्याचा व्याप.

जिवाणू हेच काम थंड पाण्यात करतात. अट एकच, अमायडेज दुबळं असावं; नाहीतर हाती आलेलं अॅक्रिलामाइडही आम्ल होऊन जाणार.

निट्टो केमिकल या कंपनीने १९८५ मध्ये ऱ्होडोकॉकस एन-७७४ हा जिवाणू घेऊन वर्षाला सुमारे ४,००० टनांचं उत्पादन सुरू केलं. तोवर विकरं शोभायची ती औषधं आणि अन्नपदार्थांच्या धंद्यात. खनिज तेलातून येणाऱ्या टनावारी रसायनाला जिवाणू जुंपणं हे खरोखर धाडस होतं! १९८८ मध्ये बी-२३ हा स्यूडोमोनास आला आणि १९९१ मध्ये ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रस जे-१.

या जे-१ची गोष्ट विलक्षण आहे. आधीच्या दोघांच्या विकरात लोह होतं, याच्यात कोबाल्ट. वाढवताना युरिया आणि कोबाल्ट दिलं, की पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं प्रथिन हे एकच विकर असतं. एन-७७४च्या द्रावणात अॅक्रिलामाइड २० टक्क्यांपर्यंत साठे, जे-१ने ते ४० टक्क्यांवर नेलं आणि वार्षिक उत्पादन ३०,००० टनांपलीकडे गेलं. पुढे लोन्झा या स्विस कंपनीने चीनमधल्या ग्वांगचौच्या कारखान्यात याच जिवाणूकडून सायनोपिरिडीनचं निकोटिनामाइड, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, बनवून घेतलं.