चुन्याचा हात

पावसाळा लागला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. कुणाच्या कपाटामागे काळे ठिपके, कुणाच्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव, कुणाच्या न्हाणीघराच्या छताला हिरवट डाग. "काकू, पूर्वी तुम्ही बुरशीला काय करायचात हो? काही नैसर्गिक उपाय?" जन्म इतिहास शिकवण्यात गेला, तेव्हा उत्तरही त्याच वाटेने देते. मंडळी, जरा धीर धरा.

ही तक्रार फार जुनी आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथात, लेवीय नावाच्या पुस्तकात, भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग पडले तर काय करावे याचे नियम आहेत. घर सात दिवस बंद ठेवायचे. डाग पसरला तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत खरवडून नवा गिलावा द्यायचा. तरीही डाग परत आला तर घरच पाडायचे! वाचताना आपली पावसाळ्यातली भिंतच डोळ्यांपुढे येते.

आपल्याकडे कोकण-गोव्यात याचे उत्तर होते चुना. शिंपल्या भट्टीत भाजून तो करीत. कळी पाण्यात टाकली की खदखदते, वाफा येतात. ती निवली की गाळून, थोडा डिंक घालून कुंच्याने भिंतीला लावायची. पाऊस सरला, दिवाळी जवळ आली की घरोघर चुन्याचा हात फिरे.

यामागचे कारण सोपे आहे. ताजा चुना अतिशय अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण 12.4. त्यात बुरशी तग धरत नाही. शिवाय चुन्याची भिंत कोंडलेली नसते. ती ओल घेते आणि ऊन-वारा मिळाला की सोडूनही देते. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची हळूहळू पुन्हा चुनखडी होते आणि त्याचा तिखटपणा उतरतो. म्हणून एकदा लावून भागत नाही, दरवर्षी लावावा लागतो.

या चुन्याची एक कडू आठवणही आपल्या इतिहासात आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारने घरे धुऊन काढली, भिंतींना चुना फासला. 1897 मध्ये पुण्यात सोजीर घराघरांत शिरले, त्याचा संताप कुठवर गेला हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. पुढे 1898 मध्ये पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिले की प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. म्हणजे चुन्याने प्लेग जाणारच नव्हता. पण त्याच 1898 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले, ते दाट वस्तीत समुद्राचा वारा यावा म्हणून. औषध चुकले तरी उजेड आणि वारा हवा, हे लोकांना पटले.

मग सिमेंट आले. जोसेफ अस्पडिनने 1824 मध्ये इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि आपल्या देशात 1914 मध्ये पोरबंदरला त्याचा कारखाना सुरू झाला. घरे पक्की झाली, हे चांगलेच. पण सिमेंटवर ऑइलपेंटचा थर आला, खिडक्या काचेने बंद झाल्या, भिंतीला टेकून कपाटे उभी राहिली. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही.

आता तुमचे उपाय. फरशीवर किंवा काचेवर पांढरा व्हिनेगर लावून तासाभराने ओल्या फडक्याने पुसा. नाकाला रुमाल बांधा. चुन्याच्या भिंतीवर किंवा संगमरवरावर मात्र व्हिनेगर नको, आम्ल चुन्याला खाते. ब्लीचमध्ये तर ते कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, तेव्हा आधी रंग खरवडावा लागेल. कडुनिंबाचा पाला कपड्यांतल्या किड्यांसाठी ठीक, त्याने ओल हटत नाही. गळती असेल तर आधी ती बुजवा. भिजून कुजलेला प्लायवूड काढूनच टाका. लेवीयाचा दगडाचा नियम इथे लागू. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातल्या ओलीबद्दल मार्गदर्शिका काढली, तिचाही भर ओल होऊ न देण्यावरच आहे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पूर्वी घर कोरडे राही, ते कुणाच्या तरी कष्टांवर. गाद्या उन्हात टाकणे, डबे पुसणे, धुराने डोळे चुरचुरत चूल पेटती ठेवणे हे सारे बायकांच्या वाट्याला होते, आणि त्याची नोंद मी शिकवलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हती. म्हणून जुने ते सोने असे मी म्हणणार नाही. चुना घ्या, वारा घ्या, ऊन घ्या, पण काम घरातल्या सगळ्यांत वाटून घ्या. ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या गच्चीवर न्यायला माझ्या भाच्यांनी आणि पुतण्यांनीही हात लावावा. हा उपाय फोनवर विचारायचे सगळेच विसरतात.