मानेची कळ आणि डोक्यावरचा हंडा

मंडळी, आमचा अभ्यास तत्त्वज्ञानाचा, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा भातसानगरात आम्ही मानदुखीवर बोलायला उभे राहिलो म्हणजे औषध सांगणार, असे कुणी समजू नये. आम्ही या दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत.

मानेतून निघालेली कळ खांद्यावरून दंडात आणि तिथून बोटांत उतरते. मुंग्या येतात, पकड ढिली पडते. हे दुखणं नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये 'विश्वाची' नावाचा विकार आहे. दंडामागून तळहाताकडे, बोटांकडे जाणाऱ्या कंडरा त्यात बिघडतात आणि हाताचं काम अडतं. पायाच्या गृध्रसीची, म्हणजे सायटिकाची, ही हातातली बहीणच म्हणा ना! ११ व्या शतकात चक्रपाणिदत्ताने यावर दशमुळं, बला आणि उडीद यांचा काढा सांगितला. मात्र सुश्रुताच्या त्या वर्णनात मानेचा उल्लेख नाही.

मूळ मानेत आहे हे उलगडायला २० वं शतक उजाडावं लागलं. १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी कमरेतली फाटलेली चकती नस दाबते, असं दाखवलं. १९४३ साली सेम्स आणि मर्फी यांनी मानेतल्या चकतीचे चार रुग्ण नोंदवले. त्यांची लक्षणं चक्क हृदयविकारासारखी होती! म्हणून छाती आणि हात एकदम दुखू लागले तर आधी हृदय तपासून घ्यावं.

कारण दिसलं की ते कापून काढावं, असं मनाला लगेच वाटतं. इथे थोडं थांबू या. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या, १९७६ ते १९९० या काळातल्या ५६१ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शावर शस्त्रक्रिया झाली होती. पण शेवटच्या तपासणीत दहांतले नऊ जण बरे होते किंवा त्यांना किरकोळ त्रास उरला होता. २००९ साली नेदरलँड्समध्ये २०५ नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. मानेला पट्टा बांधून विश्रांती घेणाऱ्यांना आणि व्यायाम करणाऱ्यांना सहा आठवड्यांत जास्त आराम पडला. सहा महिन्यांनी मात्र नुसती वाट पाहिलेलेही त्यांच्या बरोबरीला आले. चकतीचा बाहेर आलेला भाग पुष्कळदा आपोआप आकसतो, नसेची सूज ओसरते. हाताची ताकद झपाट्याने जात असेल, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मात्र वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता आपल्या गावाकडे येऊ. इथल्या धरणाचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. अशा बाईला डॉक्टर सांगतात, "काही आठवडे डोक्यावर वजन नको." ती विचारते, "मग पाणी कोण आणणार?" या प्रश्नाचं उत्तर वैद्यकाच्या कुठल्याच ग्रंथात नाही. शस्त्रक्रियेविना होणारा उपचार स्वस्त म्हणतात खरा, पण त्याला विश्रांती लागते, आणि ती प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. पाड्यापर्यंत नळ येईल तेव्हा येवो. ज्या घरातल्या बाईच्या हाताला मुंग्या येतात, त्या घरातल्या पुरुषांनी निदान सहा आठवडे तरी हंडा उचलावा.