छोटा ट्रॅक्टर : निवड आणि भारयोजना

छोटा ट्रॅक्टर म्हणजे साधारणतः 15 ते 30 अश्वशक्तीचा, कमी रुंदीचा, फळबागेत किंवा पिकाच्या दोन ओळींमधून चालणारा ट्रॅक्टर. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागा, डाळिंबाच्या बागा आणि उसातील आंतरमशागत ही महाराष्ट्रातील त्याची मुख्य कामे. निवडताना आधी ओळींतील अंतर आणि ट्रॅक्टरची रुंदी पाहावी लागते. त्यानंतर पाहायची ती शक्ती. मात्र इंजिनावर लिहिलेल्या आकड्याइतकेच वजनही महत्त्वाचे असते आणि खरेदीच्या वेळी नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते.

इंजिनाची शक्ती कामाला दोन वाटांनी येते. एक वाट पीटीओची, म्हणजे अवजाराला फिरती गती देणाऱ्या दांड्याची. तिथे इंजिनाची साधारण 85 टक्के शक्ती मिळते. फवारणीचा ब्लोअर तिच्यावरच चालतो. रोटाव्हेटरही पीटीओवर चालतो आणि त्याची फिरती पाती ट्रॅक्टरला पुढेच ढकलतात, त्यामुळे चाकांच्या पकडीची गरज कमी लागते. दुसरी वाट ओढकामाची. नांगर किंवा कल्टिव्हेटर ओढताना लागणारी अश्वशक्ती काढण्यासाठी किलोमधील ओढ आणि ताशी किलोमीटरमधील वेग यांच्या गुणाकाराला 270 ने भागतात. समजा, 15 अश्वशक्तीच्या, 800 किलो वजनाच्या, दोन चाकी चालनाच्या ट्रॅक्टरला भुसभुशीत रानात 250 किलो ओढ मिळाली. ताशी 4 किलोमीटर वेगाने ती जेमतेम 3.7 अश्वशक्ती भरते. इंजिन मोठे घेतले, पण वजन तेवढेच ठेवले, तर या वेगाला चाक फक्त जास्त घसरेल.

म्हणून भार वाढवतात. मागच्या टायरमध्ये, व्हॉल्व्ह वर ठेवून, सुमारे तीन चतुर्थांश पाणी भरतात किंवा चाकांना बिडाची वजने लावतात. पुढच्या वजनांचे काम वेगळे आहे: जड अवजार उचलल्यावर पुढची बाजू हलकी होऊन स्टिअरिंग सुटू नये, यासाठी ती असतात. पुढच्या चाकांवर एकूण भाराचा किमान पाचवा हिस्सा राहिलाच पाहिजे. दोन चाकी चालनात मागची पकड मात्र या वजनांनी वाढत नाही, उलट थोडी घटते. चारही चाके चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढचा भार 35 ते 40 टक्के ठेवतात.

भार पुरेसा आहे की नाही, हे घसरण मोजून कळते. टायरवर खडूची खूण करून, अवजार जमिनीत असताना चाकाचे 10 फेरे होऊ द्यावेत. तेवढेच अंतर अवजार उचलून जाताना 9 फेरे लागले, तर घसरण 10 टक्के. ओढकामात 10 ते 15 टक्के घसरण योग्य. त्याहून जास्त असेल तर भार कमी पडतो. फारच कमी असेल तर ट्रॅक्टर नाहक जड झालेला असतो, डिझेल जास्त जाते आणि गिअरपेटीवर ताण येतो.

काळ्या भारी जमिनीत वाफसा नसताना वजन वाढवून पकड मिळवू नये, माती दबते. बागेत चाके वर्षभर त्याच पट्ट्यांतून फिरतात, तेव्हा नांगरट संपताच चाकांची वजने उतरवूनच फवारणीला लागावे.