अवशेष-किरणांची कुळकथा

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या आसपासच्या दगडखाणींतून, काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत वाढलेली स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट ही खनिजे निघत आली आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा स्फटिकांपुढे उभे राहिले असता डोळे दिपून जातात, हे खरे. परंतु त्यांच्या अंतरंगाची खातरजमा ज्या अवरक्त किरणांनी होते, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांतील लांब लहरींना तर काचही भिंतीसारखी आडवी येते. म्हणून जुन्या संशोधकांनी काचेऐवजी सैंधवाचे लोलक वापरले. उपवासाच्या फराळातले सैंधव प्रयोगशाळेत असे मानाने नांदले आहे!

क्वार्ट्झ, म्हणजे आपली गार, सुमारे ९ मायक्रॉन लांबीच्या लहरींना धातूच्या आरशाप्रमाणे परतवून लावते. बर्लिनचा हाइन्रिख रुबेन्स आणि अमेरिकेचा अर्नेस्ट निकोल्स यांनी १८९७ साली याच गुणाचा उपयोग केला. एका पृष्ठावरून परतलेला किरण त्याच खनिजाच्या दुसऱ्या, मग तिसऱ्या पृष्ठावर टाकावा, म्हणजे सुपात धान्य पुनःपुन्हा पाखडल्यासारखे इतर किरण गळत जाऊन शेवटी खनिजाला प्रिय असलेलेच तेवढे उरतात. त्यांना जर्मन भाषेत 'रेस्टस्ट्रालेन', अर्थात 'अवशेष-किरण', हे नाव पडले. फ्लुओराइट व सैंधव यांच्या अवशेष-किरणांनी केलेली मोजमापे रुबेन्सने ७ ऑक्टोबर १९०० रोजी माक्स प्लांकच्या कानावर घातली, आणि प्लांकने १९ ऑक्टोबरला आपले उत्सर्जनाचे सूत्र सभेपुढे मांडले. पुंजवादाच्या वंशावळीत दगडाचे नाव असे दाखल आहे, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढे प्रश्न हिशेबाचा आला. प्रत्येक लहरीसाठी खनिजाचा अपवर्तनांक आणि शोषणांक असे दोन आकडे हवेत, आणि परावर्तन मोजून हाती येतो एकच. ही तूट क्रोनिग व क्रेमर्स यांच्या गणिताने भरून निघते, मात्र त्यासाठी विस्तृत पट्ट्यावर मोजणी करावी लागते. पोटॅशियम ब्रोमाइडच्या वडीत खनिजाची भुकटी दाबून घेतलेला वर्णपट ओळख पटवण्यास पुरतो, पण भुकटीत स्फटिकाची दिशा हरवते. अंक हवे असतील तर घासून सपाट केलेले पृष्ठ आणि ध्रुवित प्रकाशच लागतो. क्वार्ट्झला अक्षाच्या समांतर आणि काटकोनात असे दोन तक्ते पुरतात; आपल्या नाशिकच्या एकनताक्ष स्टिल्बाइटसाठी चार स्वतंत्र घटक मोजावे लागतात.