गुरुजी पहिलीपासून

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुका घ्या किंवा त्याला लागून असलेला साताऱ्याचा खटाव घ्या; गावातले मूल तीन वर्षांचे झाले की बाईंकडे जाते आणि सहा वर्षांचे झाले की बहुधा गुरुजींकडे. पहिलीच्या वर्गावर बाईही असू शकतात; अंगणवाडीत मात्र गुरुजी कधीच नसतात. ही केवळ रूढी नव्हे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सेविका ही स्त्रीच असते, आणि म्हणून तिच्या प्रशिक्षणवर्गातही स्त्रियाच असतात. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती निसर्गक्रमच वाटावी. इतिहास मात्र काही निराळे सांगतो.

मराठी मुलखात धुळाक्षरे गिरवून घेणारा पंतोजी पुरुषच असे. एकोणिसाव्या शतकात अडचण होती ती शिकवायला स्त्रिया मिळत नाहीत, ही. नायगावच्या सावित्रीबाई 1848 मध्ये पुण्यात शिकवू लागल्या तो अपवादच होता. 1870 मध्ये पुण्यात स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले, पण विद्यार्थिनी आणायच्या कोठून? शिक्षकांच्या पत्नी आणि विधवा यांच्यावरच पुढे दीर्घकाळ भिस्त राहिली. संसारात ज्यांना जागा उरली नव्हती त्यांना शाळेत जागा मिळाली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

कडेगाव तेव्हा खानापूर तालुक्यात होते आणि खानापूर सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला तो 1949 मध्ये, आणि त्याचे सांगली हे नाव 1960 चे. या मुलखात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. कुणब्याचा मुलगा मास्तर झाला, पगार घेऊ लागला, घरी मनिऑर्डर करू लागला. त्या सामाजिक उलथापालथीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ती शाळा सहाव्या वर्षापासूनची होती. त्याआधीचे मूल कोणाचे, हा प्रश्न तेव्हा पुढे आलाच नाही.

तो पुढे आणला भावनगरच्या एका वकिलाने. गिजुभाई बधेका यांनी मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून माँटेसरीबाईंची पुस्तके वाचली, वकिली सोडली आणि 1920 मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. 1925 मध्ये त्यांनी शिक्षक घडवण्यासाठी अध्यापन मंदिर काढले. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील सरकारी नोकरी सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना 1926 ची. म्हणजे मराठी बालशिक्षणाची जी परंपरा आपण ताराबाई आणि अनुताई वाघ या दोन नावांनी ओळखतो, तिच्या उगमाशी एक मिशीवाला गृहस्थ बसलेला आहे. गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा', मिशीवाली आई, म्हणत. नावात कौतुक आहेच. पण लहान मुलांत रमणाऱ्या पुरुषाला आपल्या भाषेत वेगळा शब्द नव्हता, त्याला आईच व्हावे लागले, हेही त्यात आहे.

1945 मध्ये ताराबाई आणि अनुताई ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला गेल्या. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली. शासनाने पुढे शब्द उचलला आणि कल्पनाही. मात्र सेविकेला पगार न देता 'मानधन' दिले. माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख येथे आहे. गिजुभाईंना आई म्हणणे हा गौरव होता. सेविकेच्या बाबतीत आईपण हे वेतन नाकारण्याचे कारण झाले. आई कुठे पगार मागते? 2006 मध्ये अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नाही असे म्हटले. एप्रिल 2022 मध्ये त्याच न्यायालयाने सेविकांना उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या त्या मानधनवाढीसाठी.

येथे कोणी म्हणेल, पुरुषही मानधनावर राबले आहेत. खरे आहे. 2000 मध्ये आलेल्या शिक्षणसेवक योजनेत डी.एड. झालेली मुले दरमहा 3000 रुपयांवर शाळेत उभी राहिली. दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी त्यासाठी डी.एड.चे प्रवेश मिळवले. पण त्यांच्यापुढे तीन वर्षांनंतरची वेतनश्रेणी होती. सेविकेच्या मानधनापुढे मानधनच होते. पुढे भरती आटली तेव्हा डी.एड. विद्यालयांचे वर्गही ओस पडले. प्रवेश नोकरीच्या मागोमाग येतात आणि तिच्याबरोबरच जातात, हे तेव्हा उघड झाले.

नॉर्वेसारख्या देशाने बालवाड्यांत 20 टक्के पुरुष असावेत असे उद्दिष्ट ठेवले. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतरही ते गाठता आले नाही. तेव्हा नियम बदलला की प्रश्न सुटला, असे मानण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तर नियमही तसाच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दुसरीपर्यंतची पाच वर्षे एका पायाभूत टप्प्यात आणली. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि इतरांना एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. टप्पा एक झाला. त्यातल्या पहिल्या तीन वर्षांना शिकवणारी मानधनावर आणि पुढच्या दोन वर्षांना शिकवणारे वेतनश्रेणीत, ही विभागणी मात्र कायम आहे.