नदीतली हिदेको



आपल्यातल्या कितीतरी जणींनी हे पाहिलंय. उन्हाळ्यात भावाच्या पाठीला सुका भोपळा बांधून त्याला विहिरीत पोहायला शिकवलं. आपण मात्र काठावरून घागर भरून घरी आलो. म्हणून आज आम्ही एका पोहणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहोत.

जपानमध्ये हाशिमोतो नावाचं गाव आहे. तिथे १९१४ साली माएहाता हिदेको जन्मली. आईवडील तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, करून विकत. पोर गावच्या किनोकावा नदीत पोहायला शिकली.

तिची पोहण्याची पद्धत ब्रेस्टस्ट्रोक. छाती पाण्याकडे, दोन्ही हात एकदम पुढे नेऊन बाजूंना रेटायचे, पाय जवळ ओढून बेडकासारखे मागे झटकायचे, आणि दर खेपेला डोकं वर काढून श्वास घ्यायचा. ही पद्धत जुनी. १८७५ साली मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी अशीच पोहून पावणेबावीस तासांत पार केली. पण ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी ही शर्यत आली ती थेट १९२४ साली.

१९३१ साली, एकाच वर्षात हिदेकोचे आईवडील दोघंही गेले. तरी पुढच्याच वर्षी ती लॉस एंजेलिसला दोनशे मीटरच्या शर्यतीत उतरली. सेकंदाच्या फक्त दहाव्या भागाने तिचं सुवर्णपदक हुकलं.

तिने आणखी चार वर्षं मेहनत केली. १९३६ साली बर्लिनला शर्यत सुरू झाली, तेव्हा जपानात मध्यरात्रीचा सुमार होता. लोक रेडिओला कान लावून बसले होते. निवेदक बाकी सगळं विसरून एकच ओरडत राहिला, "माएहाता, गाम्बारे!" म्हणजे, जोर लाव! हिदेको जिंकली. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली जपानी बाई.

पण आम्हाला तिचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. तिने नागोया शहरात घरसंसार करणाऱ्या आयांसाठी पोहण्याचे वर्ग काढले. १९८३ साली मेंदूत रक्तस्राव होऊन ती आजारी पडली, तरी सावरून पुन्हा पाण्यात उतरली.

तेव्हा मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात भोपळा लेकीच्याही पाठीला बांधा. सोबत पोहण्यात तरबेज माणूस हवंच. आणि लेक शिकत असताना आपणही काठावरच का बसायचं?