पतंगाचे सभागृह आणि दहा हजार पौंडांचे इनाम

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात चिंचिला नावाचे एक गाव आहे. तेथून थोडे पूर्वेस, हमरस्त्याच्या कडेला, बूनार्गा या वस्तीत एक साधेसे सभागृह उभे आहे. सभागृहाला नाव द्यावयाचे तर राजाचे, सेनापतीचे, निदान देणगीदाराचे तरी द्यावे, असा जगाचा रिवाज. बूनार्गाच्या शेतकऱ्यांनी १९३६ साली आपल्या सभागृहाला नाव दिले ते एका किड्याचे! ‘कॅक्टोब्लास्टिस स्मारक सभागृह’. कॅक्टोब्लास्टिस हा करड्या रंगाचा एक क्षुद्र पतंग. दिव्याभोवती घिरट्या घालू लागला तर आपण त्याला हाताने बाजूस सारू. त्याचे एवढे उपकार कोणते, हे पाहण्याजोगे आहे.

परकी कीड, परके तण, परका रोग यांना आपल्या मुलखात शिरू न देणे, आणि शिरलेच तर आवरणे, या उद्योगाला अलीकडे ‘जैवसुरक्षा’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. ऑस्ट्रेलियात त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही दिले जातात. सरकारी नोकरांइतकाच त्यात गावकऱ्यांच्या मंडळांचा आणि उद्योगधंद्यांचा गौरव होतो. त्यांपैकी एक पुरस्कार डॉ. डेव्हिड बँक्स यांच्या नावाने आहे. याच खात्यातले ते शास्त्रज्ञ. २००५ साली लॉकहार्ट रिव्हर येथील विमान-अपघातात पंधरा माणसे दगावली, त्यांत तेही गेले. परंतु आम्हांला आज सांगावयाची आहे ती या पुरस्कारांच्या आधीची हकीकत. अशा कामाचे बक्षीस कोणाला द्यावे, या प्रश्नाशी क्वीन्सलंडने पुष्कळ झटापट केली आहे.

१७८७ साली इंग्रजांचा पहिला तांडा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा वाटेत ब्राझिलमध्ये त्याने निवडुंग बरोबर घेतले. शोभेसाठी नव्हे. निवडुंगावर कोशिनील नावाचा किडा पोसतो आणि त्याच्यापासून किरमिजी रंग निघतो. शिपायांच्या लाल डगल्यांना तो रंग हवा होता, आणि त्याची किल्ली स्पॅनिश लोकांच्या हाती होती. रंगाचा धंदा काही जमला नाही; निवडुंग मात्र जमला. पुढे एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या एका जातीचा निवडुंग कुंडीतून आला. बागेतून तो कुंपणाला गेला आणि कुंपणावरून रानात उतरला. फड्या निवडुंगाचे एक पान मातीत पडले की त्याला मुळे फुटतात, हे आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शिवाय फळे पाखरे खात आणि बी दूरवर टाकीत. १९०० च्या सुमारास एक कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. १९२५ पर्यंत हा आकडा सहा कोटींवर पोचला. आपल्या आजच्या महाराष्ट्राचे पाच भाग केले तर जवळजवळ चार भाग होतील एवढा हा मुलूख! त्यातला निम्मा तर असा दाट की माणूस आत शिरू शकत नसे. शेतकरी घरेदारे टाकून निघून गेले.

सरकारने काय केले? सरकार जे करते तेच. १९०१ साली पाच हजार पौंडांचे इनाम जाहीर केले: निवडुंगाचा नायनाट करण्याचा खात्रीचा उपाय जो सांगेल त्याला हे द्रव्य मिळेल. कोणी जिंकेना, तेव्हा १९०७ साली ते दहा हजार पौंड केले. त्या काळी एवढ्या पैशात माणसाच्या सात पिढ्यांची ददात मिटली असती. तरीही ते इनाम कोणालाही मिळाले नाही. आमच्या मते चूक रकमेत नव्हतीच. एका माणसाने एक गुटी शोधावी आणि थैली घेऊन घरी जावे, अशी ही कल्पना होती. सहा कोटी एकरांचे संकट अशा गुटीने हटत नाही. पुढे याहून विचित्र बक्षिसेही निघाली. एमू पक्षी निवडुंगाचे बी पसरवतो म्हणून त्याला मारणाऱ्यास पैसे मिळू लागले. बिचाऱ्या एमूने निवडुंग आणला नव्हता!

यादरम्यान काम चालू होते ते दुसरीकडे. जीन व्हाइट या विदुषीने १९१२ ते १९१६ या काळात डलाका येथील ठाण्यावर नाना प्रकारची विषे तपासली. सोमलाचा एक प्रकार सर्वांत जालीम ठरला, पण जमिनीच्या किमतीहून विषाचा खर्च अधिक येई. त्याच सुमारास जॉन्स्टन आणि ट्रायन हे दोन शास्त्रज्ञ निवडुंगाचे शत्रू शोधीत जगभर फिरले. सिलोन आणि हिंदुस्थान ही त्यांच्या वाटेवरची ठिकाणे होती.

येथे आपला संबंध येतो. १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाच्या इंग्रजाने ब्राझिलहून कलकत्त्यास कोशिनीलचे किडे आणले होते. कंपनीला किरमिजी रंगाचा व्यापार हवा होता. किडे निघाले भलत्याच जातीचे. रंग हलका पडला. पण त्या किड्यांनी उत्तर व मध्य हिंदुस्थानातील एका जातीचा निवडुंग खाऊन फस्त केला. तणावर किडा सोडून तण मारण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयोग, आणि तो चुकून झालेला. ते किडे पुढे दक्षिणेत गेले, तेथून सिलोनला पोचले आणि विसाव्या शतकात क्वीन्सलंडला. तेथेही त्यांनी आपल्या ओळखीच्या जातीचा निवडुंग थोड्या वर्षांत संपवला. मात्र कोट्यवधी एकर व्यापून बसलेल्या दुसऱ्या जातीला ते तोंड लावीनात. जातीचा एवढा कडक विचार किड्यांतही असतो. ऑस्ट्रेलियाने हे ऋण लवकरच फेडले: तेथून दुसऱ्या जातीचा कोशिनील १९२४ साली सिलोनला आणि १९२६ साली सिलोनहून हिंदुस्थानात आला, आणि दक्षिणेतला फड्या निवडुंग त्याने आवरला.

क्वीन्सलंडचा प्रश्न सोडवला तो कॅक्टोब्लास्टिसने. १९१४ साली तो एकदा आणला गेला होता, पण जगला नाही. १९२५ साली ॲलन डॉड यांनी अर्जेंटिनातून त्याची सुमारे पावणेतीन हजार अंडी आणली. मादी अंडी एकावर एक रचते; ती काडी थेट निवडुंगाच्या काट्यासारखी दिसते. अळ्या पानात शिरून गर खातात, आणि मागून कुजकी धरते. हा किडा पिकांवर तर बसणार नाही ना, याची आधी कोंडून परीक्षा घेतली गेली. दुसरे अन्न पुढे ठेवले तरी अळ्या उपाशी मेल्या. मग १९२६ पासून अंडी सोडण्यास प्रारंभ झाला. चिंचिलाच्या ठाण्यातून ऐन भराच्या दिवसांत रोज कोटभर अंडी बाहेर पडत. एकंदर दोनशे कोटींहून अधिक वाटली गेली. कागदाच्या नळ्यांतून ती शेतकऱ्यांकडे पोचत आणि शेतकरी आपापल्या रानात निवडुंगाच्या पानांवर त्या टोचून येत. आम्हांला या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. शास्त्रज्ञांनी किडा दिला खरा, पण लक्षावधी नळ्या रानोमाळ नेल्या त्या नाव नसलेल्या हातांनी. १९३३ पर्यंत क्वीन्सलंडचा बहुतेक निवडुंग कुजून आडवा झाला होता. गेलेली माणसे परतली, गुरे आली, दूधदुभते सुरू झाले. बूनार्गाचे सभागृह उठले ते यानंतर. डाल्बी येथे १९६५ साली इतिहासप्रेमी स्त्रियांच्या संस्थेने याच किड्यासाठी दगडांचा एक स्तंभही उभारला.

या यशाची धुंदी क्वीन्सलंडला चढली की काय, न कळे. १९३५ साली उसावरील भुंगेरे खाण्यासाठी तेथे हवाईहून मोठे बेडूक आणून सोडले. भुंगेरे राहिले, बेडूक मात्र आजही पसरत आहेत. त्यांच्या नावाचे सभागृह कोणी बांधले असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि कॅक्टोब्लास्टिसची कीर्तीही सर्वत्र सारखी नाही. १९५७ साली तो कॅरिबियन बेटांत सोडला गेला, आणि १९८९ साली फ्लॉरिडात आढळला. पुढे मेक्सिको. तेथे निवडुंगाची भाजी रोजच्या जेवणात असते, त्याची शेते आहेत, आणि राष्ट्रध्वजावरचा गरुड निवडुंगावरच बसलेला आहे. २००६ साली इस्ला मुहेरेस बेटावर हा पतंग दिसताच मेक्सिकोने सापळे लावले, किडलेली झाडे उपटून नष्ट केली, आणि थोड्या वर्षांत त्याला बेटावरून हुसकून लावले.